डांबर, रंग आणि सायकल: शहरातल्या रस्त्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात रस्त्यांची कामं निघाली की सोसायट्यांच्या गटांवर, प्रभागातल्या बैठकांत आणि आमच्याकडेही तेच प्रश्न पुन्हा येतात. ते एकत्र करून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत, पण खडी, डांबर आणि चौक सगळीकडे सारखेच वागतात. नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या वाचकांनाही बरंचसं लागू पडेल.

१. सायकल मार्गिका म्हणजे नक्की काय? रस्त्याच्या कडेला पट्टा मारला की झाली का?

पट्टा हा तिचा सगळ्यात साधा प्रकार. रस्त्याच्या त्याच पातळीवर, फक्त रेषेने आणि रंगाने दाखवलेली जागा म्हणजे मार्गिका. कर्बस्टोन, दुभाजक किंवा उंची देऊन वाहनांपासून तोडलेली जागा म्हणजे सायकल ट्रॅक. कुठे काय हवं, ते वाहनांच्या वेगावर ठरतं. वाहनं ताशी ३० किमीच्या आसपासच जातात अशा गल्लीत वेगळी जागा लागतच नाही, वेग आवरला की पुरतं. वेग ५० कडे गेला, बस आणि डंपर आले, की नुसता रंग पुरत नाही, मध्ये काहीतरी भक्कम आडवं हवं. रुंदी एका दिशेला किमान २ मीटर, दोन्ही दिशांना मिळून किमान ३ मीटर धरावी. त्याहून कमी जागेत दुधाचे कॅन लावलेल्या सायकलला ओलांडून पुढे जाता येत नाही.

२. डांबरीकरण चालू असतानाच मार्गिकेचा आग्रह का? नंतर करता येणार नाही का?

करता येते, पण महाग पडते आणि बहुतेक वेळा होत नाही. नवा थर पडतो तेव्हा जुने सगळे पट्टे पुसले जातात आणि ते पुन्हा मारायचेच असतात. ते जुन्या जागी मारायचे की सरकवून, याचा खर्च जवळपास सारखाच. चेंबरची झाकणं, पावसाळी गटारांच्या जाळ्या आणि कडेचा उतार दुरुस्त करायची वेळही तीच असते. ही संधी गेली की पुढचा थर पडेपर्यंत काही वर्षं थांबावं लागतं. म्हणून आराखडा निविदेच्या आधी मागायचा असतो, रोलर दारात आल्यावर नाही. तो कुठे मागायचा, ते प्रश्न १८ मध्ये पाहा.

३. पुण्यात सायकल ट्रॅक केले होतेच की. कोणी वापरत नाही, मग पुन्हा पैसे का घालायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने सायकल ट्रॅकही झाले. त्यांवरून आज चालत गेलात तर ते ओस का पडले हे लगेच कळतं. मध्येच झाड येतं, मग विजेचा डीपी (वीजवाटपाची पेटी), मग बस थांब्याची पाठ. पेव्हर ब्लॉक खचलेले असतात. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि जिथे त्याची खरी गरज असते त्या चौकात तो संपून जातो. सायकलवाल्याने असा ट्रॅक सोडून रस्ता धरला, यात त्याचा हट्ट कसला?

स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर उलट वाट धरली. तिथे सुटे तुकडे न करता एकमेकांना जोडलेलं जाळं उभारलं, पहिल्या टप्प्यातच सुमारे ८० किमी, सगळीकडे एकाच हिरव्या रंगात. ज्या शहरात सायकलवरचा प्रवास नगण्य होता तिथे तो काही वर्षांत अनेक पटींनी वाढला. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये जो सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यातही जाळ्याचाच विचार आहे आणि त्याची लांबी ८०० किमीहून जास्त आहे. म्हणजे कागद तयार आहे. आमचं म्हणणं इतकंच, की ज्या रस्त्याचं डांबरीकरण निघेल त्याचा त्या आराखड्यातला तुकडा त्याच कामात पूर्ण करावा, आणि तो चौकाच्या अलीकडे न थांबवता चौकापलीकडे न्यावा.

४. रंग हवाच का? आणि हिरवाच का?

जगभर एकच रंग नाही. नेदरलँड्समध्ये लाल, तोही वरून न लावता डांबरातच लोहयुक्त रंगद्रव्य मिसळून केलेला. कोपनहेगनच्या चौकांत निळा, अमेरिकेत हिरवा. लंडनने २०१० मध्ये निळ्या पट्ट्यांपासून सुरुवात केली होती. भारतात सायकलसाठी हिरवा रंग रुळत चालला आहे, तोच सगळीकडे वापरावा. प्रत्येक प्रभागाने आपापला रंग निवडला तर बाहेरगावच्या चालकाला काहीच अर्थ लागणार नाही.

रंगापेक्षा पांढरी कडरेषा आणि सायकलचं चिन्ह महत्त्वाचं आहे. अनेक पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यांना रेषा आणि चिन्हच समजतं.

५. रंगाने अपघात खरोखर कमी होतात का?

होतात, पण रंग जपून वापरला तरच. कोपनहेगनमधल्या निळ्या पट्ट्यांचा आधी-नंतरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकात एकच निळा पट्टा होता तिथे अपघात सुमारे १० टक्क्यांनी घटले. दोन पट्टे होते तिथे ते २३ टक्क्यांनी वाढले, आणि चार पट्टे होते तिथे ६० टक्क्यांनी. चौकभर रंग झाला की चालकाची नजर नक्की कुठे जायला हवी तेच ठरत नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये, जिथे मोटारी सायकलची वाट छेदतात त्या जागा निळ्या केल्यावर सायकलला वाट देणाऱ्या चालकांचं प्रमाण ७२ वरून ९२ टक्क्यांवर गेलं. पण त्याच पाहणीत मागे वळून बघणारे सायकलस्वार कमी झाल्याचंही दिसलं. रंगाने धीर येतो, आणि धीर आला की माणूस बेसावध होतो.

यावरून आमचं मत असं झालं आहे: किलोमीटरभर सलग हिरवा गालिचा घालण्यापेक्षा तोच पैसा धोक्याच्या जागांवर लावावा. डावीकडे वळणारी वाहनं, पेट्रोल पंपाची तोंडं, मॉलची फाटकं, उड्डाणपुलाचे उतार या त्या जागा. बाकीच्या लांबीला रेषा, चिन्ह आणि अलगीकरण पुरे.

६. सायकलवाले आहेतच किती? मूठभरांसाठी एवढा खटाटोप का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ४,८३६ सायकलस्वार होते. हे बहुतेक हौशी सायकलपटू नव्हते. पहाटे पेपर टाकणारे, बांधकामावर जाणारे, शाळकरी मुलं, सुरक्षारक्षक अशी माणसं सायकलवर असतात, आणि ती प्रभागाच्या बैठकीला येत नाहीत. त्यामुळे ती कमी आहेत असं वाटतं.

७. रस्ता आधीच अरुंद आहे. मार्गिका केली तर कोंडी वाढणार नाही का?

रस्ता मोजून बघा. बऱ्याच जागी वाहनांच्या रांगांना गरजेपेक्षा जास्त रुंदी दिलेली असते, किंवा ती रुंदी कुठे वाढते, कुठे घटते. जिथे अशी फुगते तिथे दोन रांगांच्या तीन होतात आणि पुढच्या अरुंद जागी त्या अडकतात. शहरातल्या वेगाला ३ मीटरची रांग पुरते, बस आणि मोठ्या वाहनांची रांग सव्वातीन ते साडेतीन मीटरची ठेवावी. रुंदी सगळीकडे सारखी केली की बहुतेकदा कडेला जागा सुटते. सुटलीच नाही तर खरा वाद पार्किंगशी असतो, वाहतुकीशी नव्हे, आणि तो उघडपणे घालावा (प्रश्न १३).

८. दर वेळी थरावर थर चढतो आणि पावसाचं पाणी आमच्या तळमजल्यात येतं. हे थांबवता येतं का?

येतं. जुना थर यंत्राने खरवडून काढायचा आणि मग तेवढ्याच जाडीचा नवा टाकायचा. याला कामावर मिलिंग म्हणतात. जोत्याची पातळी कायम राहायला हवी असेल तर निविदेत मिलिंग आहे का हे आधी विचारा.

सायकलच्या दृष्टीने तर हे फारच महत्त्वाचं आहे. खरवडल्याशिवाय थर दिला की चेंबरची झाकणं दोन-तीन इंच खोलात जातात, आणि ती बहुतेक डाव्या कडेलाच, म्हणजे नेमकी सायकलच्या वाटेत असतात. मोटारीला नुसता दणका बसतो, सायकलस्वार थेट पडतो. झाकण नव्या थराच्या पातळीला आणणं हा कामाचाच भाग आहे, ते झाल्याशिवाय काम पूर्ण समजू नये. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर त्यांत सायकलचं चाक अडकतं. त्या आडव्या बसवून घ्या.

९. डांबरीकरण चांगलं झालं की नाही, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

काम चालू असताना उभं राहिलात तर बरंच कळतं. खालचा पृष्ठभाग झाडून कोरडा केला आहे का, त्यावर पातळ डांबराचा चिकट हात, म्हणजे टॅक कोट, सगळीकडे सारखा मारला आहे का, ते पाहा. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल अंथरताना किमान १४० अंश सेल्सिअस हवा आणि तो ९० च्या खाली जाण्याआधी रोलरचं काम संपायला हवं. पर्यवेक्षकाकडे तापमापक असतो, त्याला आकडा दाखवायला सांगायचा संकोच करू नका. ट्रकवर ताडपत्री नसेल आणि प्लांट दूर असेल तर माल वाटेतच निवतो. असा रस्ता पहिल्याच पावसाळ्यात खडी सोडू लागतो. साचलेल्या पाण्यावर डांबर टाकलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवायला सांगा.

पाणी वाहून जाण्यासाठी जास्त पावसाच्या भागात रस्त्याला मध्यापासून कडेकडे २ ते २.५ टक्के उतार लागतो. तो चुकला की पाणी कडेला, म्हणजे सायकल मार्गिकेतच साचतं. अंथरताना दोन पट्ट्यांमधला लांब सांधाही मार्गिकेच्या मध्ये येऊ देऊ नये. तो उघडला की अरुंद चाकासाठी चर तयार होते.

पुणेकरांना जंगली महाराज रस्त्याची गोष्ट नव्याने सांगायला नको. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केलेला तो रस्ता पुढे अनेक पावसाळे खड्ड्यांविना टिकला. माल त्या वेळीही डांबर आणि खडीचाच होता. काम नेमाने झालं की काय होतं, हे या शहराला माहीत आहे, म्हणून आम्ही ते पुन्हा मागतो.

१०. डांबर पडल्यावर लगेच रंग का देत नाहीत? आणि कोणता रंग टिकतो?

ताज्या डांबरातलं तेल वर येतं, रंग त्याने पिवळट-काळा पडतो आणि सुटतो. साधारण दोन ते चार आठवडे वाहतूक चालू द्यावी, मग धुऊन, कोरडं करून रंग द्यावा. तोवर निदान रेषा आणि चिन्हं खडूने नव्हे, तात्पुरत्या पट्टीने दाखवावीत.

साधा रंग एका पावसाळ्यात जातो, त्यावर पैसे घालू नयेत. थर्मोप्लास्टिक वितळवून, साधारण अडीच मिमी जाड लावतात. रेषा आणि चिन्हांसाठी ते उत्तम. मोठ्या रंगीत भागासाठी दोन घटक मिसळून घट्ट होणारं कोल्ड प्लास्टिक जास्त टिकतं, पण महाग असतं. चौकात वळणाऱ्या चाकांनी रंग सगळ्यात आधी झिजतो, म्हणून प्रश्न ५ मधल्या धोक्याच्या जागांना भारी माल आणि बाकी ठिकाणी बेताचा, अशी वाटणी परवडते.

११. पावसात रंगावरून सायकल घसरते का?

गुळगुळीत रंगावरून नक्की घसरते, विशेषतः वळताना आणि ब्रेक लावताना. रंगात क्वार्ट्झसारखी बारीक, कठीण खडी मिसळलेली हवी. निविदेत घर्षणाची चाचणी लिहिलेली असते. ती लोलकाच्या यंत्राने पृष्ठभाग ओला करून घेतात आणि आकडा किमान ४५ मागतात. सायकलसाठी आम्ही ५५ चा आग्रह धरतो. घरगुती परीक्षा हवी असेल तर पाणी ओतून चपलेचा तळवा घासून बघा.

१२. रात्री रंग दिसतच नाही, मग उपयोग काय?

बरोबर आहे, रस्त्यावरच्या दिव्यांखाली हिरवा रंग काळ्यात मिसळून जातो. रात्रीचं काम पांढऱ्या कडरेषेतले काचमणी करतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश ते परत फेकतात. रेषा ओली असतानाच मणी वरून शिंपडावे लागतात, नंतर टाकलेले पहिल्याच झाडूने जातात.

१३. बस थांबा, रिक्षा थांबा आणि पार्किंगचं काय?

बस थांब्याशी मार्गिका थांब्याच्या मागून न्यावी, म्हणजे पीएमपीची (पुण्याची शहर बस) गाडी कडेला येताना सायकलस्वाराला कापत नाही. प्रवासी मार्गिका ओलांडतात तिथे झेब्रा पट्टा द्यावा आणि तिथे सायकलस्वारानेच थांबावं. मागे जागा नसेल तर थांब्याच्या लांबीपुरता रंग तोडून तिथे वाट सामायिक असल्याचं चिन्ह द्यावं.

पार्किंग ठेवायचंच असेल तर ते मार्गिका आणि वाहतूक यांच्या मधोमध ठेवा. उभ्या गाड्याच आडोसा होतात. मात्र दार उघडण्यासाठी अर्धा ते पाऊण मीटर पट्टी मोकळी सोडलीच पाहिजे. गाडीचं दार अचानक उघडून झालेला अपघात किती भयंकर असतो, हे ज्याच्या घरी घडलं त्यालाच माहीत. रिक्षा थांबे आणि पथारीवाल्यांना आराखड्यातच जागा आखून द्यावी. तसं केलं नाही तर ते मार्गिकेतच येऊन बसतात, आणि त्यांचाही नाइलाज असतो.

१४. दुचाकीवाले सर्रास मार्गिकेतून जातात. दंड होतो का?

सायकल ट्रॅकवरून मोटार वाहन चालवणं आणि तिथे ते उभं करणं, दोन्हींना केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी मनाई आहे. ते मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ खाली ५०० ते १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कारवाई वाहतूक शाखा करते, महापालिका नव्हे. पुष्कळ तक्रारी चुकीच्या दारी जातात त्या यामुळेच.

बोलार्डवर, म्हणजे वाट अडवणाऱ्या ठेंगण्या खांबांवर, फार भिस्त ठेवू नका. व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकल जाईल एवढी फट ठेवली की त्यातून स्कूटरही जाते, आणि ती फट बंद केली तर ज्यांना वाट सगळ्यात जास्त हवी तेच अडतात. उंचीवरचा ट्रॅक, कॅमेरा आणि गर्दीच्या वेळी उभा असलेला पोलीस यांनी फरक पडतो.

१५. बॅटरीवरची सायकल मार्गिकेत चालते का? आणि डिलिव्हरीवाल्यांच्या छोट्या स्कूटर?

इथे पेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किमीच्या आतली बॅटरीवरची दुचाकी मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून पेडल मारत चालवायच्या ई-सायकलला आडकाठी नाही. पण याच व्याख्येत काही हळू स्कूटरही बसतात, आणि त्यांना प्रश्न १४ मधली मनाई जशीच्या तशी लावता येत नाही. वेगमर्यादा काढून टाकलेली गाडी मात्र व्याख्येबाहेर जाते. आमच्या मते २ मीटरच्या मार्गिकेत पेडल नसलेलं वाहन नको, आणि तसा फलक वाहतूक शाखेच्या अधिसूचनेनेच लावून घ्यावा.

१६. आमचा रस्ता काँक्रीटचा झालाय. तिथे रंग बसतो का?

बसतो, पण आधी प्रायमर लागतो आणि क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट नीट घट्ट व्हावं म्हणून, फवारलेला थर घासून काढावा लागतो, नाहीतर पापुद्रे निघतात. काँक्रीट रस्त्यांवर आमची मोठी तक्रार वेगळीच आहे: काँक्रीट संपतं आणि पेव्हर ब्लॉक सुरू होतात त्या सांध्यात पातळीचा फरक राहतो, आणि सायकल नेमकी तिथूनच जाते. मार्गिका पूर्ण काँक्रीटवर घ्या किंवा पूर्ण त्याबाहेर, सांधा मध्ये नको.

१७. रंग देऊन महिना झाला नाही तोच केबलसाठी खणलं. आता? आणि तिथे कोणी पडलं तर?

खोदाईची परवानगी कोणाला, किती लांबीची आणि कोणत्या मुदतीची आहे, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. सांगितलं नाही तर माहिती अधिकारात मागा. चर नुसती मातीने बुजवून चालत नाही, तिथे थर आणि रंग दोन्ही पूर्ववत हवेत. रस्ता दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कंत्राटदाराने दुरुस्ती करून देण्याच्या मुदतीत, असेल तर मूळ कंत्राटदार जबाबदारी खोदणाऱ्यावर ढकलतो. म्हणून खोदण्याआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो ठेवा.

इजेबद्दल: रस्ते नीट ठेवणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि इजा झाल्यास ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सायकलस्वारही त्यात येतात. पोलिसांत नोंद, दवाखान्याचे कागद आणि जागेचा फोटो, हे तीन तरी त्याच दिवशी करून ठेवा.

१८. आमच्या रस्त्यावर मार्गिका हवी असेल तर कोणाला आणि कधी सांगायचं?

पुण्यात मोठे रस्ते पथ विभागाकडे, गल्ल्या क्षेत्रीय कार्यालयाकडे. महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. चेंबर पातळीत आणणं, जाळ्या बदलणं, चौकातले पट्टे अशी छोटी कामं त्यातून सुचवता येतात. पूर्ण मार्गिकेसाठी तेवढी रक्कम पुरत नाही, ती डांबरीकरणाच्या निविदेतच यायला हवी.

निवेदनापेक्षा नकाशा जास्त कामी येतो. रस्त्याची रुंदी दर ५० मीटरवर मोजा, झाडं, डीपी, फाटकं आणि झाकणं त्यावर मांडा. शाळा सुटायच्या वेळी सायकली मोजा. प्रशासन अजून बिचकत असेल तर आधी तात्पुरती मार्गिका मागा. २०२० मध्ये केंद्रीय शहरी व्यवहार मंत्रालयाच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ उपक्रमात शहरांनी शंकू आणि रंग वापरून असे प्रयोग केले होते, आणि त्यातून पुढे निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. प्रयोगात चुका उघड्या पडतात आणि त्या दुरुस्त करायला फक्त शंकू हलवावे लागतात. अर्जात रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, आणि त्या लांबीतले सगळ्यात धोक्याचे दोन चौक कोणते, एवढं नक्की लिहा.